नव्या मशीनवर जुनी कॅसेट

नानांच्या चाळीत खोली हवी असेल तर आधी धबधबा चढावा लागायचा. हे मी अगदी शब्दशः सांगतो आहे. नानांच्या ओटीवर टीव्ही होता, टीव्हीला व्हिडिओ गेम जोडलेला होता, आणि त्या गेमच्या एका कॅसेटमध्ये बंदुका घेतलेले दोन शिपाई जंगलातून गोळ्या झाडत पळायचे. एक शिपाई नानांचा, दुसरा खोली मागायला आलेल्या माणसाचा. जंगल संपलं की धबधबा लागायचा आणि दगडांवरून उड्या मारत वर चढायचं असायचं. वरचा शिपाई जसा चढेल तसा पडदा वर सरकायचा आणि खाली राहिलेला शिपाई पडद्याबाहेर गेला की मरायचा. त्याला कोणी गोळी घातलेली नसायची. मागे राहिला एवढंच कारण.

नाना मुद्दाम मागे राहायचे. खालच्या दगडावर उभे राहून, एक डोळा बारीक करून, वर गेलेला माणूस काय करतो ते बघत बसायचे. जो थांबला त्याला खोली. जो नानांना तसंच टाकून भराभर वर गेला त्याला मावशींच्या हातचा चहा मिळायचा आणि रस्ता. मावशी म्हणजे नानांची बायको. त्या एकदा म्हणाल्या, "मना बगायला आला तवा यो गेम नव्हता. असता तर मीच याला टाकून वर गेली असती."

नाना म्हणजे आमचे घरमालक. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला त्यांचं गाव. पूर्वी त्यांची मिठागरं होती, ती नव्या शहरासाठी गेली, आणि मग घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी विटांच्या भिंती उभ्या करून वर पत्रा टाकून तीन खोल्या काढल्या. माणूस साठीचा. अंगात बनियन, कमरेला टॉवेल, आणि बसायला पाट. खेळताना शिपायाने उडी मारली की नानाही बसल्या जागी उडायचे. त्यामुळे पाटाचा एक पाय ढिला झाला होता, आणि तो दुरुस्त केला की उडी चुकते असं नानांचं म्हणणं होतं.

त्या गेममध्ये आणखी एक सोय होती. आपले सगळे जीव संपले की बटन दाबून जोडीदाराचा एक जीव आपल्याकडे घेता यायचा. विचारावं लागायचं नाही. नाना ते बटन बिनदिक्कत दाबायचे आणि मान वळवून समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे. एका इंजिनीअरने "अहो, असं काय करता!" म्हणून रिमोट खाली आपटला होता. तो गेल्यावर नाना म्हणाले, "गेममदला जीव देवत नाय, मंग भाड्याने घेतलेल्या खोलीत शेजाऱ्याला पानी तरी देल का?"

मी परभणीकडचा. कंपनीत स्टोअरला क्लार्क म्हणून लागलो तेव्हा राहायला जागा नव्हती. खोल्या रिकाम्या असायच्या, पाट्याही लागलेल्या असायच्या. मालक गाव विचारायचे, मग आडनाव. आडनाव सांगितलं की त्यांना एकदम आठवायचं, की खोलीचा शब्द कालच कोणाला तरी दिलेला आहे. आम्ही बौद्ध. तोंडावर वाईट कोणी बोलायचं नाही, बसायला खुर्ची द्यायचे, एकाने तर सरबतही दिलं. फक्त खोली काल गेलेली असायची. या 'काल'चा मला इतका राग यायचा की पुढे पुढे मी पाटी वाचून लांबूनच परत फिरायला लागलो.

नानांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "रिमोट धरलायस का कदी?"

मी नाही म्हटलं. त्यांनी शेजारची चटई दाखवली. मी त्या दिवशी इतक्या वेळा मेलो, की ओटीवर बसलेले लोक पोट धरून हसत होते. शेवटी कसाबसा धबधब्याशी पोचलो. मी तीन-चार दगड वर गेलो आणि तिथेच उभा राहिलो. नाना खाली, मी वर. बराच वेळ कोणीच हललं नाही.

"मिलली खोली," नाना म्हणाले.

मला खोटं पचेना. मी सांगून टाकलं, "नाना, मला पुढची उडीच मारता येत नव्हती, म्हणून थांबलो."

"कशापायी का होयना," ते म्हणाले, "थांबलास ना?"

त्या दिवसापासून त्यांनी मला 'थांब्या' हे नाव दिलं. नाव-गाव-आडनाव ते कोणाचंच विचारत नसत, स्वतःच बारसं करून मोकळे व्हायचे. कडेच्या खोलीतला केरळी वेल्डर गोळ्या फार उडवायचा, तो 'फटाक्या'. मधल्या खोलीतल्या जोडप्यातला नवरा खेळताना बायकोकडे बघायचा, म्हणून दोघांना मिळून 'विचारून सांगतो'.

सामान लावताना मी ट्रंकेतून बुद्धाची तसबीर काढली. गावाहून आणली होती, आईने कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून दिलेली. हातात तसबीर धरून मी जरा घुटमळलोच. लावावी की काही महिने ट्रंकेतच राहू द्यावी, असा विचार चालला होता. तेवढ्यात नाना दारात आले. त्यांनी तसबिरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन हातोडी घेऊन आले. "तुला नाय जमायचा, भित नवी हाय," असं म्हणून खिळा त्यांनी स्वतःच ठोकला. पुढे या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

आता त्यांचं दुसरं वेड. कुठलीही नवी वस्तू पाहिली की नाना एकच प्रश्न विचारायचे, "यात जुना चालतं का?" मावशींनी नवा कुकर आणला. नानांनी जुन्या कुकरचं झाकण त्यावर बसवून पाहिलं, बसलं नाही, तर दुकानदाराला कुकर परत. भूखंडाचा नकाशा घेऊन सरकारी माणूस आला होता, त्याला विचारलं, "आमची जुनी हीर या चौकोनात येतं का?" त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विहीर नकाशात नाही म्हणाला. "मंग नकाशा चुकला," नाना म्हणाले. "हीर तर हाय तितंच हाय."

गावात सगळ्यांना हा गेमचा प्रकार पसंत होता असं नाही. शेजारच्या घरात नानांचे एक चुलतभाऊ राहायचे. त्यांच्याही खोल्या होत्या, आणि ते रीतसर गाव, आडनाव, 'तुमच्यात काय चालतं' हे सगळं विचारून मगच भाडेकरू ठेवायचे. ते अधूनमधून ओटीवर येऊन बसत आणि माझ्याकडे न बघता नानांना म्हणत, "कोन ठेवलायस, काय ठेवलायस, जरा इचारत जा ना. उद्या गाव मनाच इचारल."

नाना पाटावरून न उठता म्हणत, "मी काय करू? धबधबा चढला त्यो. मशीनने पास केलाय."

हे ते इतक्या निरागसपणे म्हणायचे की जणू खोल्या मशीनच्याच मालकीच्या आणि नाना नुसते तिचे कारकून.  मला कळायचं, की भावकीशी रोज उठून भांडण नको म्हणून नानांनी ती मशीन मध्ये ठेवली आहे. कधी कधी मला त्याचं वाईटही वाटायचं. माणसाने सरळ 'मला चालतं' म्हणावं, असं वाटायचं. पण ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे त्याने असल्या बारीक गोष्टींत शिरू नये, म्हणून मी गप्प बसायचो.

मग एका दुपारी लाइटचा दाब वाढला, अडॅप्टर जळला आणि त्याच्याबरोबर मशीनही आतून पार जळून गेली. नानांनी ती उघडून पाहिली, वास घेतला, आणि टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवली. कॅसेट मात्र शाबूत होती. नेमकं त्याच महिन्यात 'विचारून सांगतो' मंडळी बदली होऊन गेली आणि मधली खोली रिकामी झाली.

ती खोली मला हवी होती, माझ्या बहिणीसाठी. तिचा नवरा, आमचे दाजी, कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात रात्रपाळीला होते. ट्रकांच्या पावत्या करायच्या आणि दिवसा तिथेच बाकड्यावर झोपायचं. बहीण तान्हं बाळ घेऊन गावाकडे आईजवळ, कारण दाजींनाही सगळीकडे खोली कालच गेलेली सापडत होती. बाळ बसायला लागलं, हे बापाला फोनवर कळलं होतं.

मी नानांना सांगितलं. ते खुशीत म्हणाले, "आन ना त्याला, खेलवू." मग कपाटावरच्या गाठोड्याकडे लक्ष गेलं आणि पाटावरून उठून आत गेले.

चुलतभाऊ संध्याकाळीच आले. "मशीन तर गेली," ते म्हणाले. "आता चार लोक करतात तसा कर. माझ्या बगन्यात एक माणूस हाय, रंगाच्या कंपनीत, स्कूटर हाय त्याच्याकरं. चांगल्या घरातला."

नाना म्हणाले, "पोरगा येतंय बोटीवरून. नवी मशीन आनतंय. ती आली की बगू."

त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला होता. तो आला तो राखाडी रंगाची चपटी पेटी घेऊन, वर गोल झाकण, आत सीडी घालायची. आख्खी आळी ओटीवर जमली. नानांनी पेटी सगळीकडून फिरवून पाहिली. मग सदऱ्याच्या खिशातून जुनी कॅसेट काढली आणि तिला जागा शोधायला लागले.

"बाबा, ती नाय लागत यात," मुलगा म्हणाला. "यात फक्त सीडी."

"फट तरी ठेवायची होती ना."

"कशाला? आता ती कॅसेट कोन खेलतंय?"

"मी," नाना म्हणाले.

मुलाने सीडी घातली. पडदा काळा झाला. मग एक चित्र आलं, गेलं, आणि खाली एक पट्टी हळूहळू भरायला लागली. जुन्या मशीनचं बरं होतं. कॅसेटच्या तोंडात फुंकर मारायची, खटकन दाबायची, आणि शिपाई हजर. इथे पट्टी अर्धी भरून थांबली. आतून घरघर ऐकू येत होती.

"काय करतंय ती?" नानांनी विचारलं.

"लोड होतंय. थांबावं लागतं."

"दर वक्ताला?"

"दर वेळी. शर्यत बदलली की परत."

आळीतली पोरं कंटाळली, एक-दोघं उठून गेली. मावशींनी तेवढ्यात आत जाऊन गॅस बारीक केला. एकटे नाना त्या पट्टीकडे टक लावून बसले होते. "हे बरा हाय," ते म्हणाले. "मिठाचं पानी अडवून बसल्यागत."

गाड्यांची शर्यत सुरू झाली. चित्र खरंच सुंदर होतं, गाडीच्या काचेत झाडं दिसत होती. दोघांनी खेळायचं म्हटलं तर पडदा मधोमध कापला जायचा, वरचा अर्धा एकाचा, खालचा दुसऱ्याचा. नाना नेहमीप्रमाणे मागे राहिले. मुलगा त्याच्या अर्ध्या पडद्यात भुर्रकन पुढे गेला आणि नानांची गाडी त्यांच्या अर्ध्यात तशीच उभी राहिली. कोणी मेलं नाही, कोणाचं काही अडलं नाही.

नानांनी रिमोट मांडीवर ठेवला. "यात कोन कोनासाठी थांबतच नाय. यात मना मानूस कसा कलनार?"

चुलतभाऊ नुसते हसले.  मुलाची सुट्टी संपली, तो बोटीवर परत गेला, आणि खोलीचा प्रश्न तिथेच राहिला.

नाना नवी मशीन पिशवीत घालून वाशीला दुरुस्तीवाल्याकडे गेले. मीही बरोबर होतो. "याला कॅसेटची फट पाडून दे," त्यांनी सांगितलं. दुरुस्तीवाला चांगला माणूस होता. त्याने समजावलं, "काका, हे म्हणजे टेपरेकॉर्डरवर ग्रामोफोनची तबकडी लावण्यासारखं आहे."

"मंग लाव ना," नाना म्हणाले.

 परत येताना बसमधून उतरल्यावर नाना म्हणाले, "थांब्या, बहिनीला जरा दम धर म्हनून कलव." मी कळवलं नाही. दम तिने भरपूर धरला होता.

सुटका झाली ती नवी मशीन बिघडल्यामुळे. नाना ती रोज रोज लोडिंग बघण्यासाठीच चालू करायचे, त्यामुळे असेल, पण काही आठवड्यांत सीडी वाचली जाईना. पट्टी अर्ध्यावर अडकायची. झाकण बोटाने दाबून धरलं की पुढे सरकायची. नाना बोट ठेवून दमले आणि त्यांनी हाताशी होती ती वस्तू झाकणावर वजन म्हणून ठेवली. ती जुनी कॅसेट होती. घरघर बदलली, पट्टी भरली, गाड्या आल्या.

नाना बनियनवरच आळीभर फिरले. "चालली! नव्या मशीनवर जुनी कॅसेट चालली!" लोक येऊन बघून गेले. कॅसेट काढली की मशीन बंद, ठेवली की चालू. चुलतभावांनी स्वतः काढून-ठेवून पाहिलं आणि त्यांनाही नाही म्हणता येईना.

"मंग नियम बी चालू," नाना त्यांना म्हणाले. "आयतवारी तुजा मानूस आन. थांब्या त्याचा आनल."

रविवारी सकाळी आधी स्कूटरवाला बसला. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. पट्टी भरायला लागली तसा त्याचा पाय हलायला लागला. त्याने घड्याळ पाहिलं, मग ओटीवरच्या पोरांना गप्प बसवलं, आणि शेवटी "अडकलंय वाटतं" म्हणून कॅसेट उचलून झाकणच उघडलं. सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. नाना त्याला म्हणाले, "चहा घेऊन जावा."

मग दाजी. ते रात्रपाळी संपवून कळंबोलीहून थेट आले होते. शर्टाच्या बाहीला लोखंडाचा गंज, डोळे लाल. मी त्यांना वाटेत बजावलं होतं, पाय हलवू नका, झाकणाला हात लावू नका, नाना काय म्हणतील त्याला हो म्हणा. ते चटईवर बसले, रिमोट दोन्ही हातांत नीट धरला. नानांनी सीडी घातली, झाकण लावलं, वर कॅसेट ठेवली. पट्टी सरकायला लागली. थोड्या वेळाने मी पाहिलं तर दाजींची मान खाली. ते चक्क झोपले होते. भिंतीला टेकून, तोंड किंचित उघडं, हातात रिमोट तसाच.

 मी हाक मारणार, तेवढ्यात नानांनी हात वर करून मला गप्प केलं.

पट्टी भरली. गाड्या रांगेत उभ्या राहिल्या, शिट्टी झाली, मशीनच्या गाड्या धूर काढत निघून गेल्या. वरच्या अर्ध्यात नानांची गाडी रेषेवर उभी. खालच्या अर्ध्यात दाजींची गाडी रेषेवर उभी. नानांनी बटनावरचं बोट काढून घेतलं आणि मांडी घालून बसून राहिले. मशीनच्या गाड्या फेऱ्या मारून परत येत, दोघांच्या बाजूने निघून जात.

"अरं, उठव त्याला," चुलतभाऊ म्हणाले.

"रात्रभर काम करून आलाय. झोपू दे."

"मंग खेल कसला यो?"

"मी थांबलोय ना," नाना म्हणाले. "जुन्यात त्यो थांबायचा. यात मी थांबायचं. खोली दिली याला."

आवाजाने दाजी जागे झाले आणि घाबरून सगळी बटनं एकदम दाबली. त्यांची गाडी तेवढी मागच्या मागे गेली. पोरं हसली. चुलतभाऊ हसले नाहीत. त्यांनी या वेळी पहिल्यांदाच माझ्याकडे बोट करून नानांना विचारलं, "मशीनचा राहू दे. तू सांग. नाव तरी इचारलंस का याचा? कोन हायत हे, म्हायती हाय का तुला?"

 मी नानांकडे पाहायचं टाळलं. ते आता 'मशीनने पास केलाय' म्हणतील, मी मान खाली घालीन, आणि खोली मिळाली म्हणून आनंद मानीन, हे मला ठरल्यासारखं दिसत होतं.

नानांनी हात लांब करून मशीन बंद केली. झाकणावरची कॅसेट उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली.

"म्हायती हाय," ते म्हणाले. "पयल्या दिवसापासून हाय. याच्या भितीवर तसबीर हाय, तिचा खिला मी ठोकलाय."

चुलतभाऊ उठून गेले. पुढे दोन्ही घरांचं येणंजाणं बराच काळ बंद होतं, आणि भावकीतल्या एका लग्नाला नानांना बोलावणं आलं नाही. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मावशी मात्र बोलायच्या.

पुढच्याच आठवड्यात बहीण आली. टेम्पोतून ट्रंक उतरली, पाळण्याच्या दोऱ्या उतरल्या, बाळ दाजींकडे बघून रडायला लागलं. मी आणि दाजी ट्रंक उचलून मधल्या खोलीत शिरलो, तर नाना आधीच आत उभे होते. बनियन, कमरेला टॉवेल, एका हातात हातोडी, तोंडात खिळा. बहिणीने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

नानांनी तोंडातला खिळा काढला आणि तिला विचारलं, "बाय, तुमची तसबीर कुटं लावायची?"